पंधरावी काठी

गुरुवार, १९ नोव्हेंबर

चि. खारू,
अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघा सकाळी थोडा कुरकुरतो, मग दवात चालायला लागलो की गप्प बसतो. तू म्हणालीस तसा चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नव्या काचांतून पायऱ्या जवळ दिसतात, म्हणून दोन दिवस मी बगळ्यासारखा पाय उचलून चालत होतो. लोक हसले. हसू देत.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मला जमत नाही. मी ठीक आहे म्हणतो, तू ठीक आहे म्हणतेस, आणि रविवार संपतो. कागद मध्ये बोलत नाही, एवढं बरं.

आपल्या गोल्फच्या मैदानाची हालहवाल अशी. सातव्या होलच्या ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, बुरशीचे डाग पडले होते, ते गेले. नवव्याजवळचं मोठं झाड वाऱ्याने पडलं. लहानपणी तू त्याच्याच बुंध्यापाशी हरवलेले चेंडू फ्रॉकमध्ये गोळा करून आणायचीस आणि मी तुला खारूताई म्हणायला लागलो. बुंधा अजून काढू दिलेला नाही. गवत कापायचं नवं यंत्र आलंय. आवाज इतका कमी, की सव्वीस वर्षं जुन्या यंत्रामागे चाललेल्या माणसाला ते चालू आहे हेच पटत नाही.

आणि एक बातमी ऐकून तू हसशील. मी गोल्फ शिकलो. या वयात. दोन वर्षं होत आली. तुला सांगितलं नव्हतं, कारण शिकवणारे मास्तर होते, आणि मास्तरांचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस.

हा कागद मात्र ठेवू नकोस. शेवटपर्यंत वाच.

पहिला महिनाभर माझा फटका चेंडूला लागलाच नाही. काठी आधी जमिनीत जायची आणि मातीचं ढेकूळ चेंडूच्याही पुढे पडायचं. (क्लब म्हणा बाबा, काठी काय, असं तू ओरडायचीस. माझ्या तोंडी काठीच बसलीय.) मास्तर शेडच्या पायरीवर बसून म्हणायचे, "माळीबुवा, सव्वीस वर्षं गवत वाढवलंत, ते आता एका सकाळीच उपटणार का?" मग उठून त्यांनी चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवली. काठी टॉवेलला लागली की फटका चुकला. तीन महिने तो टॉवेल मार खात होता. मी चेंडू उचलायला बघतो, हे माझं दुखणं, असं ते म्हणाले. उचलायचा नाही. काठी खाली जाऊ द्यायची, चेंडू आपला आपण वर येतो. आणि पकड किती घट्ट, तर झोपलेल्या लेकराच्या मुठीतून आपलं बोट सोडवून घेताना जेवढा जोर लावतो तेवढी. हे मला लगेच कळलं. तुझ्या मुठीतून मी पुष्कळदा बोट सोडवून घेतलंय.

मान वर करायची सवय मात्र गेली नाही. "चेंडू कुठे गेला ते बघायची सगळ्यांनाच घाई," ते म्हणायचे. "आधी तो जिथून गेला ती जागा बघा."

मी शिकायला का गेलो, ते सांगतो. तू गाव सोडलंस त्यानंतर दोन घरांनी आपली मुलं मास्तरांकडे शिकायला पाठवणं बंद केलं. ज्याला बॅगेतल्या काठ्या मोजता येत नाहीत, ज्याने तयार झालेल्या मुलीची संघातली निवड घालवली, त्याच्याकडे कशाला, असं लोक बोलत. मास्तर यंत्रांच्या शेडमागच्या आपल्या खोलीत काठ्यांच्या रबरी पकडी बदलत बसायचे. नंतर नंतर बदलायलाही काही नसायचं. त्यांच्या खिडकीवरून जाताना माझी मान खाली जायची. एक दिवस आत गेलो आणि म्हणालो, मला शिकवा. त्यांनी बसायला स्टूल पुढे केलं. मग म्हणाले, साडेसहाला या, रिकाम्या पोटी येऊ नका.

अर्धा तास फटके, नंतर बाकावर बसून नियमांचं पुस्तक. मोठ्याने मी वाचायचं, अवघड शब्द त्यांनी फोडून सांगायचे. माझी शाळा गावची आणि सातवीपर्यंतची. एकेक पान दोन-दोन सकाळी चालायचं. पाण्यात गेलेल्या चेंडूच्या जागी दुसरा गुडघ्याच्या उंचीवरून का टाकतात, वाळूच्या खड्ड्यात काठी आधी का टेकवत नाहीत, हे मी इतकी वर्षं नुसतं पाहत होतो. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढ्या मोठ्या मैदानावर पंच क्वचित दिसतो. चेंडू धक्का लागून हलला, तर खेळाडूच हात वर करून सांगतो आणि स्वतःवर दंड लावतो. कोणी नसलं तरी देव बघतो, असं मला लहानपणी शिकवलं होतं. इथे देवाचं नाव न घेता तेच लिहिलेलं. मी मास्तरांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "म्हणूनच हा खेळ कठीण. फटका काय, माकडालाही शिकवता येईल. तुम्ही शिकलात की."

आणि मग एका सकाळी चौदा काठ्यांचा नियम आला.

बॅगेत चौदाच काठ्या. जास्त निघाली तर ती बरोबर असताना खेळलेल्या प्रत्येक होलला दोन फटके दंड, जास्तीत जास्त चार. ती काठी वापरली नाही, नुसती बाळगली, तरी मोजली जाते. बॅग उचलणाऱ्याने घातली तरी दोष खेळाडूचा. ते वाक्य मी वाचलं. परत वाचलं. मास्तर समोरच्या गवताकडे बघत होते. "पुढे वाचा," एवढंच म्हणाले.

खारू, ती काठी मी घातली होती.

तुझ्या आईने तुझ्यासाठी घेतलेली सात नंबरची जुनी काठी. तुझ्या उंचीची मिळाली नाही म्हणून मोठीच घेतली, आणि तू ती निम्म्यावर धरून शिकलीस. निवडीच्या स्पर्धेच्या आठवड्यात तू तुझ्या चौदा काठ्या पकडी बदलायला मास्तरांकडे दिल्यास, तेव्हा मी ही गुपचूप नेऊन दिली. हिलाही नवी पकड बसवा म्हणालो. आदल्या संध्याकाळी त्यांनी तुझी बॅग तुला दिली, आणि ही कागदात गुंडाळून माझ्या हातात. बॅगेत चौदा मोजून घातल्यात, ही घरीच ठेवा, असं बजावलंसुद्धा.

सकाळी तुझी बॅग उचलायला निघण्याआधी मी देवापुढे उभा होतो. काठी तिथेच ठेवली होती. मनात आलं, आज तिची आई बरोबर हवी. वापरायची तर नाहीच, मग मोजतंय कोण. बॅगेच्या तळाशी घातली, वर टॉवेल ठेवला. फार हलकं वाटलं मला. पहिले चार होल तू जसं खेळलीस ते पाहून मी मनातल्या मनात हात जोडत होतो. माझ्यामुळेच चाललंय असं मला वाटत होतं. बघ, माणूस किती मूर्ख असतो.

पाचव्यावर तू टॉवेल ओढलास आणि खालची काठी दिसली. तू क्षणभरही लपवलं नाहीस. तूच पंचाला हाक मारून सांगितलंस. मग माझ्याकडे वळून विचारलंस, "बाबा, ही कुणी घातली?"

मी टॉवेलची घडी घालू लागलो. तेवढ्यात दोरीपलीकडून मास्तर म्हणाले, "माझ्याकडून राहिली. सगळ्यांबरोबर हिचीही पकड बदलली, आत गेली असणार."

ते असं का बोलले, ते मला तेव्हा कळलं नाही. एवढंच कळलं, की मी सुटलो. चार फटके दंड, आणि निवड गेली दोन फटक्यांनी. गाडीपाशी तू त्यांना म्हणालीस, "मोजायला तुम्हीच शिकवलंत ना मला? पुन्हा माझ्यासमोर येऊ नका." त्यांनी मान हलवली. मी शेजारी तुझी बॅग धरून उभा होतो. तू माझा हात धरून रडलीस आणि म्हणालीस, आता मला तुम्हीच आहात. त्यानंतर सांगायचं ते कसं सांगू, असं म्हणत मी तीन वर्षं काढली.

ऑक्टोबरच्या शेवटी मास्तर आजारी पडले. फुप्फुसात पाणी झालं होतं. दवाखान्यात त्यांच्या उशाशी मी होतो. त्यांचं दुसरं कोणी नव्हतं. ३० तारखेला, शुक्रवारी दुपारी, मी एकदाचं तोंड उघडलं. म्हणालो, मास्तर, ती काठी मी...

"माहीत आहे," ते म्हणाले. "मीच दिली होती की तुमच्या हातात."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. दम लागत होता त्यांना. थांबून थांबून म्हणाले, "आई नव्हती तिला. बापही काढून घेऊ?"

मी तुला कळवतो असा शब्द दिला. त्यांनी घाई केली नाही. एवढंच म्हणाले, तो फटका तुमचा आहे, मला मारता येणार नाही.

पुढचे दिवस मी रोज ठरवत होतो. दार वाजलं की त्यांची मान वळायची. परिचारिका दिसली की परत सरळ व्हायची. कोण यायचंय, हे ते एकदाही बोलले नाहीत.

१ तारखेच्या रविवारी तुझा फोन आला. आठवतंय? ठेवता ठेवता तू विचारलंस, "तिकडे सगळे बरे आहेत ना?" असं तू कधी विचारत नाहीस. सगळे म्हणजे कोण, हे मला कळलं होतं. मी दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो, त्यांच्या खोलीपासून वीस पावलांवर. आणि मी म्हणालो, हो, सगळे बरे.

तू निघाली असतीस तर दुसऱ्या दिवशी पोचली असतीस.

मास्तर ८ तारखेला पहाटे गेले. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, तेव्हाही मी बोललो नाही. गेल्या रविवारीही नाही. आज अकरा दिवस झाले.

त्यांची खोली काल मी उघडली. कोपऱ्यात तुझी बॅग आहे. पडून पडून रबर वाळतं, असं म्हणत दर वर्षी ते ती माझ्याकडून मागून न्यायचे आणि पकडी बदलून ठेवायचे. चौदा आहेत. मी दोनदा मोजल्या. आईची काठी वेगळी, खुंटीला टांगलेली, तिलाही नवी पकड.

पुस्तकात शेवटी शेवटी एक नियम आहे. स्पर्धा संपून निकाल लागला की झालेल्या चुका कोणी उकरत नाही. पण खेळाडूला माहीत असून त्याने फटक्यांचा चुकीचा आकडा लिहिलेल्या कार्डावर सही केली असेल, तर त्याला मुदत नाही; कितीही वर्षांनी तो बाद होतो. हा नियम वाचताना मास्तर मला थांबवून म्हणाले होते, पान दुमडून ठेवा. ते अजून दुमडलेलं आहे.

मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. देवापाशी मागतो, पण तुझ्यापाशी मागायचा मला हक्क नाही. मागणं एकच. त्यांच्यावरचा राग उतरव. तो त्यांचा नव्हता, त्यांनी माझा सांभाळून ठेवला होता. रविवारी मी फोनजवळ बसेन. नाही वाजला तरी का नाही वाजला, हे मला माहीत असेल.

हे पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं. सगळं खरं लिहिलंय, आता सही करतो.

बॅग उचलणारा,
तुझा बाबा