ऐकत बसणारं

४ नोव्हेंबर
चिंचणीत करमणार नाही, असं सांगलीहून निघताना वाटत होतं. पण घरमालक रामनाथकाकांनी वाडीतल्या दोन खोल्या माझ्यासाठी रंगवून ठेवल्यात, खिडकीतून नारळी आणि पलीकडे समुद्र दिसतो. सुलूकाकूंनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. आतली खोली कामासाठी ठेवलीय. नैराश्यात असलेल्या मुलांशी संस्थेतर्फे ऑनलाइन बोलायचं, पालकांना अधूनमधून बोईसरला भेटायचं. फार दिवसांनी मन हलकं आहे.

७ नोव्हेंबर
नवापूरची भाविका, वय सोळा. वडील बोटीवर, आई मासळी विकायला. ही दिवसभर अंथरुणात. कॅमेरा बंद. मी घाई केली नाही. शेवटी म्हणाली, "मॅडम, मी एकटी नाय. पायाशी कोणीतरी बसलेलं हाय. बोलत नाय. नुसतं ऐकतं."
तिच्या आईला फोन करून पालघरच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यायला लावली.

१९ नोव्हेंबर
आज भाविकाने कॅमेरा लावला. केस विंचरलेले. औषध घेते, शाळेत जाऊन आली. मला भरून आलं. ते पायाशी बसणारं गेलं, म्हणाली. कुठे, ते विचारलं.
"तुमच्याकडं. त्याला तुमचंच ऐकायचं होतं."

२२ नोव्हेंबर
आतल्या खोलीतल्या पलंगाच्या पायथ्याशी गादी दबलेली असते, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. खोलीत कोणी गेलं नाही, असं सुलूकाकू सांगतात. अंग जड झालंय. अंघोळीचासुद्धा कंटाळा येतो.

२५ नोव्हेंबर
भाविकाचा फोन. काल तुम्ही फोन केला होता का, विचारत होती. मी केला नव्हता. आवाज माझाच होता, म्हणते, बोलायची पद्धतही माझीच. शाळेत जाऊन काय मिळतं, पडून राहा, असं म्हणत होता. सांगताना भाविका रडत होती. "मॅडम, ते आता बोलायला शिकलंय."
आईजवळच बस म्हटलं. माझा फोन आला तरी उचलू नकोस.

२६ नोव्हेंबर
बेटेगावच्या हर्षितचं आजचं सत्र रद्द केलं. माझी सगळी मुलं दुसऱ्या कुणाकडे द्या, असं संस्थेला कळवलं. आतल्या खोलीला बाहेरून कडी घातलीय. लॅपटॉप आतच राहिला — आणायला जाववत नाही.

२७ नोव्हेंबर, सकाळ
हर्षितच्या आईचा मेसेज. आभार मानलेत. कालचं सत्र छान झालं म्हणे, कॅमेरा बंद होता तरी पोरगा मोकळा बोलला. तुम्ही सांगितलंत म्हणून आज शाळेत पाठवला नाही. आत्ताही दार लावून तुमच्याशीच बोलतोय —

तिला फोन लावतेय. उचलत नाही.

आतून माझा आवाज येतोय. मऊ, मायेचा. उठू नकोस, सांगतोय त्याला. कुणासाठी उठायचं —

लॅपटॉप फोडायलाच हवा. ते पोर —

कडी काढली. दार मी लोटलंही नाही, आतूनच कोणीतरी