पांढरा पडलेला चेहरा

आबा, काल ऑपरेशनच्या टेबलावर एका परक्या तरुणाचा चेहरा तुमच्यासारखा पांढरा पडला. त्याच्या छातीत कुणीतरी सुरा खुपसला होता. छाती उघडून सर्जन हृदयाला टाके घालत होते, आणि भूल देणारी मी त्याच्या उशाशी होते. एवढं रक्त गेल्यावर रक्तदाब खाली हवा. तो एकदम दुपटीवर चढला, टाका फाटला आणि रक्ताची चिळकांडी सर्जनच्या चष्म्यावर उडाली. "भूल कमी पडतेय! झोपलीस का?" ते ओरडले. तरुण घामानं निथळत होता. समोरचे मदतनीस डॉक्टर वाकले की दाब चढे, मागे सरले की उतरे. त्यांचं कोपर त्याच्या कुशीत रुतत होतं.

मला भिवपुरीची आपली खोली दिसली. वीजघरातल्या पाळीवर निघताना तुम्ही बूट घालायला वाकता, चेहरा पांढराफटक पडतो, घाम फुटतो, छाती धडधडते, आणि हाताला येईल ते आईच्या पाठीत बसतं. म्हणून ती तुम्हाला वाकूच द्यायची नाही. खाली बसून स्वतः नाड्या बांधायची. शेजारीण हसायची, "काय गं, नवरा हाय का साळंतला पोर?" आई म्हणायची, "हस बाय. तो वाकला की माझी पाठ फुटती." ती कडावला माहेरी गेली होती, त्या सकाळी तुम्ही स्वतः वाकलात आणि उठलाच नाहीत.

"कोपर काढा!" मी ओरडले. "मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असणार. दाबली की रक्तात रस सोडते." शेजारी उभ्या माझ्या वरिष्ठ भूलतज्ज्ञांनी हृदयाचे ठोके कमी करायचं इंजेक्शन उचललं. मी त्यांचा हातच धरला. "सर, ते आधी नको, दाब आणखी भडकेल. आधी रक्तवाहिन्या सैल करू." त्यांनी रागानं पाहिलं, पण सुई खाली ठेवली. सलाईनमधून थेंब थेंब औषध सोडलं, दाब उतरला, टाके टिकले. गाठ नंतर, औषधांनी तयारी करून काढतील. तो जगला.

"अशी केस कुठं पाहिलीस?" सर्जननी विचारलं.

"भिवपुरीला."

"तिथं तर वीज तयार होते!"

सगळे हसले. मीही हसले.

आईला सांगायचं होतं, आबा वाईट नव्हते, गाठ होती. तुम्हाला कुणी तपासलं नाही, जाळून टाकलं, तरी मला ती गाठ हवी आहे. पण "पोरगी कालेजात जाईल" असं आई म्हणाली, तेव्हा तुमचे बूट बांधून झाले होते. तुम्ही खाटेवर ताठ बसला होता. घाम नव्हता. चेहरा रोजच्यासारखा सावळा होता. तुम्ही सावकाश पट्टा काढलात.

हे पत्र मी आईला वाचून दाखवणार होते. आता नाही दाखवणार. तिला नुसतं गाठीचं सांगेन.