दुसरी करा, म्हटलं मी

चंद्रपूर, जानेवारी १९८६

आईले प्रमिलाचा जयभीम.

मी बरी आहो, दम आता कमी लागते. डॉक्टरबाई म्हणाल्या, हृदयाची झडप खराब आहे, बाळंतपणात जीव जाईल. लेकरू न होण्याच्या गोळ्याही मले चालत नाईत.

हे लगेच म्हणाले, "मग मीच नसबंदी करून घेतो."

मी म्हटलं, "नोका करू. मी गेल्यावर दुसरी करा, तुमच्या घरात लेकरू पाह्यजे." अन् मीच तांबी बसवून घेतली.

हे चहा आणाले गेले, आले तर डोळे लाल होते. आई, तेवढं मी बोलाले नोको होतं.

बाबाचा खोकला कसा आहे? खळ्यावर धानाचा चुरणा झाला काय, दाणे निंगाले काय?

हे रविवारी तांदूळ न्यायले येतील. जवळ बसून जेवू घाल. माझ्याच्यानं त्यायच्याकडं पाहवत नाई.

तुझी लेक,
प्रमिला