बरा झालेल्याचा फोटो आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा परांची बांधणे, शिक्षण सातवीपर्यंत आणि तेही मागच्या बाकावरून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. कुणी धाक घातलेला नाही, कुणी काही पाजून लिहून घेतलेलं नाही. जे पाजलं जातंय ते नळीतून, आणि त्याने नुसती मळमळ होते. डोकं ठिकाणावर आहे. बाकीच्या अंगाबद्दल असा दाखला मी देऊ शकत नाही.

शुद्धलेखन मास्तरीणबाईंनी तपासलं आहे. सलाईनच्या खोलीत त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर असतात. त्यांना रक्ताचा कॅन्सर, मला गाठींचा. कागदावर ल्युकेमिया आणि लिम्फोमा. चुलत भावंडंच आपण, असं त्या म्हणतात. कच्चा खर्डा वाचून त्या म्हणाल्या, "कायद्याच्या कागदात 'किळस' बरं दिसत नाही रे. 'नाराजी' लिही."

"नाराजी पाहुण्यांवर असते, बाई."

त्यांनी लाल पेनाला टोपण घातलं. म्हणून जिथे मला किळस आली तिथे किळसच लिहिली आहे.

कलम पहिलं, हत्यारं. माझे दोन पाने, ओळंबा आणि कमरेचा पट्टा माझ्या खोलीतल्या जोडीदाराला, वेल्डर ठिणग्याला द्यावेत. मोठा पाना त्याने हळू फिरवावा, तो घाईला चिडतो. गादी कारखाना, बर्फाचा कारखाना, ट्रकवरची क्लीनरकी असं सगळं करून मी परांचीवर आलो. बाबा म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. ती भिंगरी आता सलाईनच्या स्टँडखाली बसवली आहे. ढकललं की दारापर्यंत जातो, परत येतो.

कलम दुसरं, हेल्मेट. हे कंपनीचं आहे, पण मी ते परत करणार नाही. आमच्या कामात प्रत्येकाच्या हनुवटीखाली पट्टा काचून घट्टा पडतो. त्याला सगळे पट्टागाठ म्हणतात आणि नव्या माणसाला ती आली की तो परांचीवाला झाला म्हणून हसतात. माझी आली तेव्हा मलाही हसले. मग ती लिंबाएवढी झाली. मुकादमाने बोटाने दाबून पाहिली.

"पट्टा काचतोय, दुसरं काय. एक भोक सैल कर."

केलं. रात्री उशी पिळावी इतका घाम यायला लागला. मुकादम म्हणाला, "पत्र्याच्या खोलीत घाम नाही येणार तर काय थंडी वाजेल?" काखेतही गाठ आली. काखेतून कुठलाच पट्टा जात नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी आणखी एक भोक सैल केलं.

ते हेल्मेट पट्टा आहे तसाच ठेवून कामाच्या फाटकावर टांगावं आणि त्याची भोकं प्रत्येक नव्या माणसाला दाखवावीत. हे काम ठिणग्याचं. मुकादम आडवा आला तर त्याला म्हणावं, गाठीवर दाबलेलं ते बोट मला अजून लागतंय. त्याने आधी तंबाखू मळली होती.

कलम तिसरं, घर. गावाकडच्या घरावरची खोली माझ्या कमाईतून चढवली आहे. ती माझ्या धाकट्या बहिणीची. सध्या तिथे थोरला भाऊ नव्या बायकोसह राहतो. त्याने आठवड्यात खोली सोडावी असं आधी लिहिलं होतं, पण वहिनीने माझं काय वाकडं केलं? तिची दुसरी सोय होईपर्यंत राहू दे. मालकी मात्र धाकटीची. आणि बँकेत जे काही निघेल ते आईला, थेट तिच्या हातात. थोरल्याने मध्ये हात घालू नये.

कलम चौथं, शरीर. या कलमासाठीच बाकीचं सगळं लिहिलं.

इथे एक संशोधक आहेत. आम्ही रोगी त्यांना पेशीवाल्या मॅडम म्हणतो. त्या आधी माणसाच्या मानेकडे बघतात, मग तोंडाकडे. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा बाबा हयात होते, मी त्यांच्याबरोबर होतो. तोवर प्रत्येक डॉक्टर माझा आजार बाबांना सांगायचा, मी म्हणजे मध्ये ठेवलेली पिशवी. मॅडम खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "तुझ्याच रक्तातल्या पेशी बाहेर काढायच्या. प्रयोगशाळेत त्यांना आजाराची खूण ओळखायला शिकवायचं. मग परत तुझ्यात सोडायच्या."

"म्हणजे मी सातवी नापास आणि माझ्या पेशी शिकून येणार."

"हो. आणि त्या नापास झाल्या तर चूक मास्तरांची."

पेशी शिकून आल्या. चांगला सणसणीत ताप भरला, दोन दिवस मी कुणाला ओळखत नव्हतो, आणि मग गाठी बर्फासारख्या वितळल्या. आरशात मला मान दिसली.

इथून पुढे किळस सुरू होते.

संस्थेच्या लोकांनी समारंभ ठरवला. मला धुतलेला शर्ट घातला, केकवर माझं तोंड काढलं आणि सगळ्यांच्या देखत सुरीने कापलं. माझा गाल एका विश्वस्तांनी खाल्ला. फोटोसाठी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मंचावरून उतरताच बाटलीतलं औषध लावून तो हात चोळला. मी बघतोय हे त्यांना दिसलं, तरी चोळतच राहिले. मॅडम मागे व्यवस्थापकांना सांगत होत्या, "बरा झाला म्हणू नका. सध्या आजार दिसत नाही, एवढंच म्हणा."

"मॅडम, फलकावर एवढं मावत नाही हो."

फोटो मोठा करून प्रयोगशाळेच्या दाराजवळ लावला. माझं हसू, विश्वस्तांचा हात, खाली जाड अक्षरात 'मी बरा झालो'. तसं मी कधीही म्हटलेलं नाही.

आंबे उतरायच्या आत पोटात गाठी परत आल्या. मॅडमनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, आजाराने बहुतेक खूणच पुसून टाकली. मला लगेच कळलं. आमच्या फाटकावर ओळखपत्र तपासतात. ज्याला चोरून आत जायचंय तो ते खिशात घालतो आणि घोळक्यातून सरकतो. आता उपाय एकच होता: औषधाने गाठी दाबायच्या आणि त्या दबलेल्या असतानाच भावाच्या हाडातला मगज मला द्यायचा. धाकटीचा जुळला नाही, ती फोनवर इतकी रडली की मलाच तिची समजूत घालावी लागली. थोरल्याचा तंतोतंत जुळला.

औषधाने गाठी दबल्या. मॅडमनी थोरल्याला स्वतः फोन केला, मग मी केला.

"लग्न तोंडावर आलंय रे," तो म्हणाला. "हाडात सुई घातलेला नवरा म्हटलं तर सोयरीक मोडेल. आणि तुझा तो फोटो सगळ्या पाहुण्यांच्या मोबाईलवर फिरतोय. चांगला ठणठणीत दिसतोस की."

"दादा, तो जुना आहे."

"जुना कसला, हसतोयस त्यात. डॉक्टर लोक घाबरवतातच. लग्नानंतर बघू."

लग्न झालं. नंतर त्याला सवड नव्हती. मग गाठींनाही सवड उरली नाही, त्या परत वर आल्या.

भ्याला असता तर मला किळस आली नसती. सुईला मीही भितो. पण त्याने माझं हसू पुढे करून मला नाही म्हटलं, त्याने शिसारी आली.

तर शरीराची व्यवस्था अशी. आजाराने खूण खरंच पुसली का, सगळीकडे पुसली की ठिकठिकाणी वेगळी सोंगं घेतली, हे एका गाठीत सुई घालून कळत नाही. मान, पोट, प्लीहा, हाडं, सगळीकडचं बघावं लागतं, आणि ते मेल्यावर लगेच, पेशी सडायच्या आत. हे मॅडम मला विचारायला आल्या नव्हत्या. नुसत्या नाडी धरून उभ्या होत्या, ज्याची त्यांना अजिबात सवय नाही. मीच म्हटलं, "तुम्हाला काहीतरी हवंय."

"हवंय. पण मागायला लाज वाटते."

"मागा. आजवर माझ्याकडून सगळ्यांनी न मागता घेतलंय."

मॅडमना ज्या गाठी, जो मगज आणि आतलं जे काही लागेल ते मी देतो. अट एकच. निघेल ते जसंच्या तसं लिहावं. पेशी नापास झाल्या असतील तर नापास लिहावं. मास्तरीणबाईंच्या पेशी सध्या त्याच प्रयोगशाळेत शिकतायत, आणि त्यांना माझ्यासारखं अर्धवट शिकवून कुणी पाठवू नये. उरलेल्या देहाची विल्हेवाट इथेच लावावी. तो गावी पाठवू नये.

इथला नियम असा की रोग्याने लिहून दिलं तरी रक्ताच्या नात्यातल्या एकाची सही लागते. धाकटी एकटी प्रवास करून आली आणि सही करून बसली आहे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचा अधिकार तिलाच आहे. ती वयाने लहान, बाईमाणूस, तिला काय कळतं, असं कुणी म्हटलं तर त्याने आधी सांगावं की इथवर कोण आलं.

कलम पाचवं, फोटो. तो ताबडतोब उतरवावा.

पुरवणी. एवढं लिहून झालं आणि थोरल्याचा फोन आला, म्हणून पाचवं कलम मी रद्द करतो. बोलणं झालं ते असं.

"मी निघतोय. तुला घरी आणतो. आता कुणाला हात लावू देणार नाही, अख्खा आणतो."

"तुझ्यातलं पळीभर मागितलं होतं."

"ते जाऊ दे ना आता. धाकटीने कसल्या कागदावर सही केली? लोक काय म्हणतील, भावाला चिरायला दिला? मी दारात आडवा पडेन."

मी फोन ठेवला. धाकटी म्हणाली, "दादा आला तर मी काय करू? मी त्याच्यापुढे कधी बोलले नाही."

तिच्यासाठी सोपं करून लिहितो. बोलू नकोस. हे पान त्याच्या हातात दे. संस्थेच्या वकिलाने सांगितलंय, तुझी सही पुरे, तो आडवा पडला तरी मॅडम त्याला ओलांडून जाऊ शकतात.

आणि दादा, वाचत असशील तर आडवा पडू नकोस, फरशी घाण असते. प्रयोगशाळेच्या दारासमोर एक बाक आहे. आत मॅडमचं काम चालू असेल तोवर तिथे बस. बरोबर समोर माझा फोटो लावलेला आहे. तुला तो खरा वाटला होता, तर बघत बस. मॅडम बाहेर आल्या की तो तूच खिळ्यावरून काढ. तो मी तुला देतो. वरच्या खोलीत लाव.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार एक : मास्तरीणबाई. सगळं वाचलं. 'किळस' ही धरून सहा ठिकाणी आहे, एकही खोडलेली नाही. (सही)

साक्षीदार दोन : सलाईनच्या खोलीतल्या नर्सबाई. सही करताना याचा हात कापत नव्हता. (सही)

वेल्डर ठिणग्या आणि पेशीवाल्या मॅडम यांना या कागदाने काही मिळणार आहे, म्हणून त्यांची सही घेतलेली नाही. मॅडम तरी दारात उभ्या होत्या.

ठिकाण : खिडकीजवळची खुर्ची

दिनांक : नऊ जुलै, दुपारची बाटली संपायच्या आधी