सोमवार-शनिवारचे उपास

अंधेरी, ४ जुलै १९५४

सौ. प्रेमा हिस सप्रेम आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. तुझ्या ऑपरेशनसाठी काढलेलं कर्ज निम्म्यावर आलं. विडी सोडली, शाळेत चालतच जातो. दिवाळीपर्यंत मोकळे होऊ, तेव्हा काळजी करू नकोस.

एक गंमत सांगतो. घरमालकीण मॉनिकाबाई रात्रीच्या जेवणाचे पैसे ताटामागे घेतात, म्हणून मी सोमवार, शनिवार, चतुर्थी असे उपास धरलेत. तुझ्या उपासांना हसणारा मी! काल त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचा देव भारी कडक हो. आमचे उपास ईस्टरला सुटतात, तुमचे कधी?"

मी म्हटलं, "दिवाळीला."

त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळाने भाकरी झाकून ठेवून गेल्या, पैसे नको म्हणाल्या. मी ती खाल्ली. देवाचं नाव पुढे करून मिळवल्यासारखी वाटली.

आईने कळवलंय की हल्ली तूही आणखी सोमवार-गुरुवार धरतेस. डॉक्टरांनी तुला रोज दूध घ्यायला सांगितलं होतं. घेतेस ना? आणि तुझे उपास तरी देवाचेच आहेत ना? खरं काय ते लिही.

तुझा,
गुणाजी