मादाम सिडोनीच्या मोतीवड्या

हार्टवेल, व्हरमाँट
४ मार्च १८९३

ती. इनॉकदादास,
धाकट्या अल्मिराचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं वर्तमानपत्र दर आठवड्याला पोचतं. हल्डा आत्या ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते आणि म्हणते, आपल्या इनॉकच्या नेब्रास्कात बातम्या मूठभर आणि जाहिराती पोतंभर! मी मात्र जाहिरातीच आधी वाचते. शेगडीचं पॉलिश, कॉर्सेट, केस वाढवण्याचं तेल. घरबसल्या बाजार फिरून येते.

तर आता हसू नकोस. मादाम सिडोनीच्या मोतीवड्यांची डबी मी मागवली आहे. चेहऱ्यावरचे डाग जाऊन कांती मोत्यासारखी होते, असं तूच छापलं आहेस. सप्टेंबरात लग्न आहे, आणि मी टोप्या शिवते त्या दुकानात येणाऱ्या बायका माझ्या नाकावरच्या ठिपक्यांकडे बघून बोलतात, माझ्याकडे बघून नाही. सायलसला ते ठिपके आवडतात म्हणे. पण त्याला तर त्याच्या गाईसुद्धा सुंदर दिसतात!

आत्या बरी आहे. तू लग्नाला आला नाहीस तर ती तुझं नाव टाकील, एवढं लक्षात ठेव.

तुझ्या मायेची हक्कदार,
अल्मिरा

---

विलो बेंड, नेब्रास्का
२० मार्च १८९३

चि. अल्मिरा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून छापखान्यात एकटाच मोठ्यानं हसलो. अगं वेडे, त्या जाहिराती मी लिहीत नाही. शिकागोहून शिशाच्या तयार पाट्या येतात, त्या मी जागेवर ठोकतो आणि छापतो. मादाम सिडोनी बाई आहे की मिशाळ बुवा, देव जाणे. पण तिच्याच जिवावर इथे शाई आणि कागद येतो. गावच्या बातम्यांवर छापखाना चालवायचा तर मी केव्हाच नांगर धरला असता.

वड्या बहुधा साखर आणि खडूच्या असतील. खा, अपाय होणार नाही. ठिपकेही जाणार नाहीत. सायलस शहाणा आहे. त्याचं ऐक.

आत्याला माझा दंडवत. जीव लावून आहेस तशीच राहा.

तुझा दादा,
इनॉक

---

हार्टवेल
११ जून १८९३

ती. दादास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तू हरलास! ठिपके फिकट झाले. रविवारी चर्चमध्ये पाद्र्यांच्या बायकोनं मला थांबवून विचारलं की मुली, तू चेहऱ्याला काय लावतेस. मी हसून पुढे सटकले. इतकी गोरी झाले आहे की आत्या म्हणते, दिव्यासमोर धरली तर आरपार दिसशील.

हल्ली पापण्या सुजतात आणि जेवण पोटात ठरत नाही, पण ते उकाड्यानं असेल. बोटांना नि तळपायांना मुंग्या येतात. डबीतल्या पत्रकात लिहिलंच आहे की मुंग्या येणं म्हणजे रक्त शुद्ध होत असल्याची खूण. अशा वेळी वड्या दुप्पट घ्याव्यात. मी तशा घेते आहे. सायलस कुरकुरतो, मी हसण्यावारी नेते.

एक गंमत. मी कंपनीला आभाराचं पत्र लिहिलं. शिकागोहून त्यांचं फार गोड उत्तर आलं. माझा फोटो मागितला, तो पाठवून दिला. तू छापखान्याचा मालक असून तुझं नाव कधी शिकागोला गेलं नाही; माझं गेलं!

मुंग्यांमुळे अक्षर वाकडं आलं आहे, रागावू नकोस.

तुझी लाडकी नि आता गोरी,
अल्मिरा

---

विलो बेंड
२४ जून १८९३

चि. अल्मिरा,

आशीर्वाद लिहायलाही हात थांबत नाही. वड्या बंद कर. आत्ता, हे पत्र हातात असतानाच.

पत्र मिळालं तसा डॉक्टर बील्सकडे गेलो. मुंग्यांचं ऐकताच त्यांनी चष्मा काढला. म्हणाले की त्या वड्यांत सोमल असतो, उंदीर मारतात तोच. ही कांती नव्हे, पोरीचं रक्त आटतं आहे. खडू आहे म्हणून मीच तुला खा म्हटलं होतं.

परतलो तर शिकागोची पेटी आली होती. वरचीच पाटी मादाम सिडोनीची, आणि तिच्यावर तुझा चेहरा. खाली तुझं नाव, तुझं गाव, आणि तू न लिहिलेली वाक्यं: मी मरता मरता वाचले, भगिनींनो, तुम्हीही घ्या. मी छिन्नीनं ती पाटी फोडली. या आठवड्याचा अंक कोऱ्या चौकोनासह निघाला. लोक विचारताहेत की कोण वारलं.

पण अल्मिरा, तीच पाटी शेकडो गावांत गेली आहे. मी फक्त एक फोडली.

आत्याला वेगळं पत्र टाकतो आहे. लगेच उत्तर दे.

तुझा,
दादा

---

हार्टवेल
३ जुलै १८९३

चि. इनॉक यास,
हल्डा आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं पोचली, पण पोरीनं आधीच अंथरूण धरलं होतं. तुझं पत्र मी वाचून दाखवलं तर म्हणते कशी, दादाला माझा फोटो छापून आला याचा हेवा वाटतो. मग तोंड फिरवून रडली. केस उशीवर राहतात. पाय आपले नाहीत असं म्हणते. डबी तिनं गादीखाली लपवली होती. सायलसनं ती काढून कुरणापलीकडे खोल पुरली, आणि तेव्हापासून गाईंना तिकडे जाऊ देत नाही. बापड्याला तिच्यासमोर रडता येत नाही, म्हणून गोठ्यात जातो.

तू ये. लग्नाची वाट पाहू नकोस.

तुझी,
आत्या

---

हार्टवेल
१९ ऑक्टोबर १८९३

ती. दादास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

अक्षर सायलसचं आहे, बोलणं माझं. तू गेल्यापासून भिंत धरून खिडकीपर्यंत जाते. पायांखाली जमीन लागत नाही. लोकरीवर चालल्यासारखं वाटतं. बोटांत सुई राहत नाही, म्हणून दुकान सुटलं. लग्नाचं मी सायलसला सोडून दे म्हटलं. तो म्हणाला की गाय लंगडली म्हणून कुणी दावं सोडत नाही. अशी उपमा ऐकून नाही कशी म्हणू? ख्रिसमसनंतर करू.

पण या पत्राचं खरं कारण वेगळं आहे. मला बायकांची पत्रं येतात. ओहायोहून, टेक्ससहून, नावही न ऐकलेल्या गावांतून. तुमचा फोटो पाहिला, हे खरं का, असं त्या विचारतात. मी सांगते नि आत्या लिहिते, की खोटं आहे, घेऊ नका. जाहिरातीतून माझा फोटो काढून टाका म्हणून कंपनीला कळवलं. उत्तर नाही.

काल आलेलं पत्र वेगळं होतं. मिनर्व्हा नावाची मुलगी आहे, एवढंच कळतं. तिनं काही विचारलेलं नाही. ती माझे आभार मानते. माझा चेहरा पाहून तिनं वड्या सुरू केल्या, आणि आता बोटांना मुंग्या येऊ लागल्या, म्हणून ती फार आनंदात आहे. गावाचं नाव लिहायला विसरली. पोस्टाचा शिक्का पुसला आहे. सायलसनं भिंगानं पाहिला, पोस्टमास्तरनं पाहिला. लागत नाही.

दादा, तुझ्या ओळखीच्या सगळ्या संपादकांना लिही. पहिल्या पानावर, त्या जाहिरातीहून मोठ्या अक्षरांत, माझ्या नावानं छापायला सांग: मिनर्व्हा, आज घेऊ नकोस.

माया आहेच; ती या वेळी तिच्याकडे वळव.

तुझी,
अल्मिरा