मामांचे बोल, फळ्यावर

ती. मामांस,

आणि राहता राहिली छत्री! ती मी नेलेली नाही, हे सातव्यांदा लिहितोय. तुम्हीच न्हाव्याकडे विसरलात. असो. नमस्कार. गुडघा कसा आहे? हे पत्र मामींकडून मोठ्याने वाचून घ्या, कारण तुम्ही वाचलंत की मधल्या ओळी गाळता आणि मग माझ्यावरच उलटता.

तुम्ही विचारलंय (विचारलंय कसलं, खडसावलंय) की सहावी नापास माणसाला कॉफीच्या दुकानात काम तरी काय. आधी पोती उचलायचो, सुखात होतो. मग मालकीणबाईंनी मलाही चाखायला बसवलं. इथे रोज सकाळी सगळ्यांनी चमचाभर कॉफी सुर्रकन ओढायची, तोंडात घोळवायची, बादलीत थुंकायची आणि कशासारखी लागली ते सांगायचं. (चहा फुरकला म्हणून तुम्ही मला उठवून लावलं होतंत. इथे त्याचा पगार मिळतो.) हिशेबनीस बाई म्हणाल्या, जर्दाळू. भट्टीवाला म्हणाला, जुन्या पियानोचं लाकूड. (याने पियानो कधी चाटला, देव जाणे.) मी म्हणालो, "कॉफीसारखी लागतेय." मालकीणबाईंनी चमचा खाली ठेवला. "ते गिऱ्हाईकालाही कळतं रे. उद्या शब्द घेऊन ये, नाहीतर येऊच नकोस."

आता शब्द काय पोत्यात मिळतात? खोलीवर आलो तर उशाशी तुमचं पत्र. दुसऱ्या दिवशी घोट घेतला, डोळे मिटले आणि तुम्ही माझ्याबद्दल लिहिलेलं जसंच्या तसं ठोकून दिलं: तोंडावर गोड, आतून जळका, एकदा घरात शिरला की महिनाभर हलत नाही, आणि जाताना छत्री घेऊन जातो. सगळ्यांनी पुन्हा एकेक चमचा ओढून पाहिला. मग भट्टीवाला हळूच म्हणाला, "छत्री मलाही लागली."

मालकीणबाईंनी ते दारातल्या फळ्यावर लिहिलं आणि रांग लागली. एक निवृत्त न्यायाधीश दोन कप प्यायले आणि म्हणाले, "हा आमचा जावई आहे." दुसऱ्या कॉफीला मी तुमचं 'तुझ्या वयाचे लोक घरं बांधून मोकळे झाले' लावलं. ती कॉफी लोक उभ्यानेच पितात, मान खाली घालून, आणि सुटे पैसे परत घेत नाहीत.

पण मामा, पत्र चारच पानांचं होतं, ते संपलं. सोमवारी नवं पोतं फुटतंय. परवा मी स्वतःच्या अकलेने 'बरी आहे' म्हणालो, तर मालकीणबाईंनी मला पुन्हा पोत्यांकडे बोट दाखवलं. आता पोती नकोत मामा. एवढी वर्षं तोंडामुळे मार खाल्ला, पहिल्यांदाच तोंडावर पोट चालतंय.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : सोमवारच्या आत सहा पानं लिहा. कौतुक नको, मामींच्या 'वेळेवर जेवत जा'सारखं तर मुळीच नको. (ते मालकीणबाईंनी मागितलं होतं. मी दिलं नाही.)

ता. क. २ : शिव्या लिहिताना हात आखडेल म्हणून सांगतो, छत्री माझ्याकडेच आहे. दाराला अडकवलीय. कामावरून आलो की घरचं कुणी आल्यासारखं वाटतं. आता होऊ दे तोंड मोकळं!

ता. क. ३ : एका वाक्याला शंभर मिळतात. तुमची अकरा खपली, त्यातला अर्धा वाटा तुमचा, वर छत्रीचे ऐंशी. मिळून पाठवतोय सहाशे तीस.